घोडा का अडला?

लहानपणी घरातल्या मोठ्यांनी घातलेलं एक कोडं अनेकांना आठवत असेल. भाकरी का करपली, विड्याची पानं का सडली, घोडा का अडला? तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच : फिरवलं नाही म्हणून. गेल्या वर्षी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, एका अडलेल्या घोडीवर बसलेली असताना मला हे कोडं पुन्हा आठवलं आणि त्यातल्या तिसऱ्या प्रश्नाला आणखी एक उत्तर असू शकतं हे कळलं.

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेकडून उत्तनची बस धरली की इमारती हळूहळू विरळ होतात. बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, चर्चचे क्रूस, किनाऱ्याला लागलेल्या होड्या दिसायला लागतात. गावाबाहेरच्या एका लहानशा तबेल्यात मी घोडेस्वारी शिकायला जात होते. माझ्या वाट्याला आलेली घोडी मारवाडी जातीची, टोकाशी आत वळलेल्या कानांची. नाव राणी. तबेला सांभाळणारे मामा फलटणकडचे. उभं आयुष्य घोड्यांत गेलेलं.

पहिल्याच दिवशी राणी मैदानाच्या मधोमध उभी राहिली ती हलेचना. मी टाचा मारल्या. काही नाही. जोरात मारल्या. तिनं कान मागे घेतले, शेपटी झटकली, पण पाऊल उचललं नाही. मी म्हटलं, "मामा, ही हट्टी आहे हो."

मामा शांतपणे म्हणाले, "ताई, तुमचे हात बघा."

मी पाहिलं. पडायच्या भीतीनं मी लगाम छातीशी घट्ट ओढून धरला होता. टाचा सांगत होत्या "चल" आणि लगाम सांगत होता "थांब". मामा म्हणाले, "एका हातानं दार लोटताय आणि दुसऱ्या हातानं कडी लावताय. तिनं करावं तरी काय?"

हात सैल केले. पोटऱ्या नुसत्या टेकवल्या. राणी चालायला लागली.

दाब आणि सूट

घोड्याला आपली भाषा कळते असं आपण सहज म्हणतो. काही शब्द त्याला सवयीनं कळतातही. पण पाठीवर बसलेला माणूस त्याच्याशी बोलतो ते मुख्यतः दाबातून. पोटरीचा दाब, लगामाचा ताण, बैठकीतला बदलणारा तोल. या दाबाचा अर्थ घोडा कसा शिकतो, हे समजून घेणं स्वाराच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं.

मानसशास्त्रात याला 'ऋण प्रबलन' म्हणतात. 'ऋण' म्हणजे इथं वाईट नव्हे, फक्त वजाबाकी. एखादी नकोशी गोष्ट काढून घेतली की ती काढली जाण्याआधी केलेली कृती पक्की होते. पोटरीचा दाब घोड्याला किंचित त्रासदायक वाटतो. तो काही ना काही करून पाहतो. पुढे पाऊल टाकल्याबरोबर दाब नाहीसा झाला, तर त्याला कळतं की दाब आला की पुढे जायचं. म्हणजे दाब हा प्रश्न आहे आणि दाब सुटणं ही 'बरोबर!' अशी पावती. घोडा शिकतो तो या पावतीतून.

नवशिक्याची चूक नेमकी इथंच होते. घोडा चालायला लागला तरी तो टाचा मारतच राहतो. घोडा थांबला तरी लगाम ओढलेलाच. पावती मिळालीच नाही, तर बरोबर उत्तर देऊन फायदा काय? असे घोडे काही महिन्यांत दाबाकडे लक्ष देणं सोडतात. मग टाचेची जागा काठी घेते, काठीची चाबूक. लोक म्हणतात घोडा 'कोडगा' झाला. खरं तर दाबाचा काही उपयोग नसतो, हे आपणच त्याला शिकवलेलं असतं.

वेळेचं गणितही कडक आहे. सूट त्या क्षणीच मिळायला हवी. चार पावलं उशिरा दिलेली सूट चौथ्या पावलानंतर घोडा जे काही करत होता त्याची पावती ठरते. शिक्षेचंही तसंच. घोडा बिथरला, तुम्ही सावरलात, आणि अर्ध्या मिनिटानं त्याला फटका दिलात, तर त्या फटक्याचा संबंध तो बिथरण्याशी जोडत नाही. तो तुमच्याशी जोडतो.

एका हातातला लगाम

मी शिकत होते ती पद्धत 'वेस्टर्न'. भारतात बहुतेक शाळांमध्ये इंग्लिश पद्धत शिकवतात. घोडदळ, पोलो आणि शर्यतींबरोबर ती आपल्याकडे रुजली. त्यात खोगीर हलकं आणि सपाट असतं, लगाम दोन्ही हातांत असतो आणि घोड्याच्या तोंडाशी सतत हलका संपर्क ठेवला जातो.

वेस्टर्न पद्धतीचा उगम गुराख्यांच्या कामात आहे. १५१९ मध्ये स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोत घोडे नेले. तिथं गुरं राखणाऱ्या 'वाकेरो' स्वारांनी स्पॅनिश पद्धत आपल्या कामाप्रमाणे घडवली आणि त्यांच्याकडून ती टेक्सास, कॅलिफोर्नियाच्या गुराख्यांकडे गेली. दिवसभर खोगिरावर बसायचं म्हणून खोगीर रुंद आणि खोल. पकडलेल्या जनावराचा दोर अडकवायला पुढे खुंटीसारखं 'हॉर्न'. एका हातात दोर असल्यामुळे लगाम दुसऱ्या एकाच हातात, आणि तोही सैल. प्रत्येक पावलाला सूचना देत बसायला गुराख्याला फुरसत नव्हती. 'दुडकी' असं एकदा सांगितलं की दुसरी सूचना येईपर्यंत घोड्यानं त्याच चालीत राहायचं.

महाराष्ट्राला एका हातातला लगाम परका नाही. मराठ्यांच्या फौजेत सरकारी घोड्यावरचा बारगीर असो की स्वतःचा घोडा घेऊन आलेला शिलेदार, लढताना त्याच्या एका हातात भाला किंवा तलवार असायचीच. घोड्याला सांगायचं ते उरलेल्या हातानं, पायांनी आणि बैठकीनं. या बैठकीला मराठीत 'मांड' असा नेमका शब्द आहे. मांड पक्की नसेल तर माणूस लगामाला लोंबकळतो आणि घोड्याचं तोंड सोलवटतं, हे तेव्हाच्या स्वारांना कुणी वेगळं सांगायची गरज नसावी.

सैल लगामानं घोडा वळतो कसा? याला 'नेक रीन' म्हणतात. उजवीकडे वळायचं तर डावा लगाम मानेच्या डाव्या बाजूला नुसता टेकवायचा. पण घोड्याला उपजत यातलं काहीही कळत नाही. सुरुवातीला दोन्ही हातांत लगाम घेऊन शिकवावं लागतं. आधी डावा लगाम मानेला टेकवायचा आणि लगेच उजवा लगाम हलकेच बाजूला घ्यायचा. दुसरी खूण त्याला आधीपासून माहीत असते. असं अनेकदा झालं की पहिल्या स्पर्शालाच घोडा पुढचं ओळखतो आणि वळतो. घंटा ऐकून पावलॉव्हच्या कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं, त्यातलंच हे तत्त्व. क्रम मात्र पाळायला हवा. नवी खूण आधी, जुनी नंतर. दोन्ही एकदम दिल्या तर नवी खूण घोड्याच्या लक्षातच येत नाही.

इथं एक सावधगिरी. वेस्टर्न स्वारीत अनेकदा वापरली जाणारी 'कर्ब' बिट, म्हणजे तोंडातली लोखंडी सळी, तरफेच्या तत्त्वावर चालते. हातातला थोडासा ताण घोड्याच्या तोंडात कितीतरी पट होऊन पोहोचतो. शिकलेल्या हातात ती कुजबुज असते, नवशिक्याच्या हातात किंकाळी. म्हणून मामांनी मला पहिले तीन महिने साधी बिट आणि दोन हातांत लगाम एवढंच दिलं.

न बोलता सांगितलेलं

आपण ठरवून देतो त्या खुणा घोड्यापर्यंत पोहोचणाऱ्या खुणांचा एक लहानसा भाग आहेत. याचा सगळ्यात प्रसिद्ध पुरावा बर्लिनमधला. विल्हेल्म फॉन ओस्टेन या निवृत्त गणित शिक्षकाचा 'हान्स' नावाचा घोडा बेरजा-वजाबाक्या करतो, खूर आपटून उत्तर देतो, अशी ख्याती १९०४ च्या सुमारास युरोपभर पसरली. तज्ज्ञांची समिती नेमली गेली. तिला कसलीही लबाडी सापडली नाही.

मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं पद्धतशीर प्रयोग केले आणि १९०७ मध्ये निष्कर्ष मांडले. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत असेल आणि तो हान्सला दिसत असेल, तरच हान्सचं उत्तर बरोबर यायचं. प्रश्न विचारल्यावर माणूस खुराकडे पाहायला किंचित वाकायचा आणि बरोबर आकडा आला की नकळत डोकं जरासं उचलायचा. हान्स ती हालचाल टिपून थांबायचा. फॉन ओस्टेनलाही आपण खूण करतोय याची कल्पना नव्हती. हान्सला गणित येत नव्हतं, पण माणूस वाचता येत होता.

डोक्याची एवढी लहान हालचाल घोडा दुरून पाहून टिपतो, तर पाठीवर बसलेल्या माणसाचा आवळलेला श्वास त्याला कसा कळणार नाही? स्वीडनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहा. माणसांनी घोड्याला घेऊन, काहींनी त्यावर बसून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार वेळा जायचं होतं. शेवटच्या फेरीआधी त्यांना सांगण्यात आलं की घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. घोड्यांना छत्रीची काहीच माहिती नव्हती. त्यांच्यापर्यंत पोहोचली ती माणसाची धास्ती.

म्हणून "घाबरू नका, घोड्याला कळतं" या जुन्या सल्ल्यात तथ्य आहे. फक्त भीती हुकमानं जात नाही. करता येण्यासारख्या गोष्टी तीनच : श्वास सावकाश बाहेर सोडणं, खांदे खाली सोडणं आणि नजर घोड्याच्या कानांवरून उचलून जायचंय त्या दिशेला ठेवणं. नजर खाली गेली की पाठ वाकते, तोल पुढे जातो, आणि घोड्याला त्याचा वेगळाच अर्थ लागतो.

राणीला काय दिसतं

घोडा हा शिकार करणारा प्राणी नाही. तो शिकार होणारा प्राणी आहे आणि त्याची इंद्रियं त्याच कामासाठी घडली आहेत. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ साडेतीनशे अंशांत दिसतं. फक्त नेमकं मागचं आणि कपाळासमोरचं, नाकाखालचं दिसत नाही. म्हणूनच त्याच्याकडे तिरकं, खांद्याच्या बाजूनं जायचं, तेही बोलत. समोरून कपाळावर हात ठेवायला गेलात तर तो हात शेवटच्या क्षणी गायब होतो आणि घोडा मान झटकतो.

रंगांच्या बाबतीत घोड्याच्या डोळ्यांत दोनच प्रकारच्या शंकुपेशी असतात. निळा आणि पिवळा त्याला वेगळे दिसतात, लाल आणि हिरव्याची गल्लत होते. कान मात्र आपल्यापेक्षा तयार. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, घोड्याला ३३ हजारांपर्यंतचे. आणि कातडी अशी की अंगावर बसलेली एक माशी त्याला कळते आणि तेवढाच भाग थरथरवून तो ती उडवतो. ज्याला माशी कळते त्याला पोटरीही कळते. लाथ मारायची गरज नसते.

उत्तनला हे रोज दिसायचं. जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, त्यांवर निळ्या ताडपत्र्या. वारा सुटला की ताडपत्री फडफडते आणि राणी जागीच खिळते. पहिल्यांदा मी तिला टाचा मारून पुढे रेटायला गेले. म्हणजे ताडपत्रीची भीती होतीच, वर पाठीवरचा त्रासही सुरू झाला. तिच्या दृष्टीनं ताडपत्री म्हणजे दुप्पट वाईट गोष्ट ठरली. मामांनी सांगितलं की उभी राहू द्या, बघू द्या, मान खाली घेतली की दोन पावलं मागा आणि परत फिरवा. आठवडाभर रोज थोडं थोडं जवळ. सवयीनं भीती ओसरते, पण ती घोड्याच्या वेगानं ओसरते, आपल्या घाईनं नाही.

ऐकायचं कसं

दुसरा महिना होता. एके सकाळी राणी पुन्हा अडली. चालीत ठीक, पण दुडकी मागितली की कान मागे, शेपटीचे फटकारे, तोंड उघडं. मला आता 'येत' होतं. हात सैल होते, पोटरी योग्य जागी होती. म्हणजे चूक तिचीच, असं धरून मी खूण जास्त जोरात दिली. दोनदा. तिसऱ्यांदा मामांनी हात वर करून थांबवलं आणि मला उतरवलं.

खोगीर काढलं. खालचा नमदा एका बाजूला दुमडलेला होता. सकाळी घाईत तो मीच घातला होता. तिच्या पाठीवर रुपयाएवढी सोलवटल्याची लाल खूण होती. मामा काही बोलले नाहीत. मीठ घातलेल्या कोमट पाण्यानं त्यांनी ती जागा पुसली आणि राणीला तीन आठवडे खोगिराविना ठेवलं. तेवढे दिवस मी फक्त तिला हातात धरून फिरवलं आणि मिळेल ते वाचून काढलं.

त्या सकाळी ती मला जे सांगत होती ते शास्त्रज्ञांनी नोंदवून ठेवलेलं होतं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये घोड्याच्या चेहऱ्याच्या सतरा वेगवेगळ्या हालचालींची सूची केली. त्याआधी २०१४ मध्ये घोड्याच्या वेदना चेहऱ्यावरून मोजण्याची पट्टी तयार झाली होती : ताठ मागे गेलेले कान, आवळलेली पापणी, डोळ्यावरचा ताण, गालाचे ताणलेले स्नायू, घट्ट मिटलेलं तोंड आणि पुढे आलेली हनुवटी, ताणलेल्या नाकपुड्या. पाठीवर स्वार असतानाच्या वेदनेसाठी पशुवैद्य स्यू डायसन यांनी २०१८ मध्ये चोवीस लक्षणांची यादी दिली. त्यातली आठ किंवा अधिक दिसली, तर हाडं-स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता मोठी. वारंवार कान मागे घेणं, शेपटी झटकणं, तोंड उघडणं, मान झटकणं ही त्या यादीतलीच. आपण ज्याला 'नखरे' म्हणतो त्यातलं बरंच काही तिथं आहे.

घोडा विचारल्यावर स्पष्ट उत्तरही देऊ शकतो. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये तेवीस घोड्यांना तीन चिन्हं शिकवली. एक 'पांघरूण घाला', दुसरं 'काढा', तिसरं 'आहे तसं राहू द्या'. दोन आठवड्यांत सगळे घोडे शिकले. मग थंडी-पावसात ते 'घाला' या फळ्याला नाक लावायचे आणि ऊन असेल तेव्हा 'काढा' या फळ्याला. आपल्याकडे अर्थातच कुणी फळे लावलेले नाहीत. पण अडणं हेही एक उत्तर आहे, एवढं तरी मान्य करायला हरकत नाही.

माथेरानला जाणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. दस्तुरी नाक्यापुढे खासगी गाड्या जात नाहीत. तिथं चारशेहून अधिक घोडे माणसं वाहतात आणि त्यांवर बसणाऱ्या बहुतेकांना कुणी दोन मिनिटंही शिकवलेलं नसतं. लगामाला लोंबकळू नका, पुढच्या कडीला धरा. कान सतत मागे असतील, पाठीवर जखम असेल, घोडा लंगडत असेल, तर तो घोडा घेऊ नका, आणि का घेत नाही ते घोडेवाल्याला शांतपणे सांगा.

स्वाराचं शरीर

घोडेस्वारीत घोडाच तर चालतो, मग व्यायाम कसला, असं विचारणारे भेटतात. चालताना घोड्याची पाठ पुढे-मागे, वर-खाली आणि दोन्ही बाजूंना हलते, आणि स्वाराच्या कमरेला जवळजवळ स्वतः चालल्यासारखी हालचाल मिळते. तोल सांभाळायला पोटाचे, पाठीचे, मांड्यांचे खोलवरचे स्नायू सतत काम करतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी प्रशिक्षित थेरपिस्टच्या देखरेखीखाली घोड्याच्या चालीचा उपचार म्हणून उपयोग होतो तो याच कारणानं.

या उपचारांना युरोपात चालना मिळाली त्यात डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचा मोठा वाटा आहे. १९४४ मध्ये पोलिओ होऊन त्यांचे पाय गुडघ्याखाली लुळे पडले. घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागायची. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी ज्युबिली या घोडीवर ड्रेसाजचं रौप्यपदक मिळवलं आणि १९५६ मध्ये पुन्हा. गुडघ्याखालच्या पायांची मदत नसताना त्या घोडीला सांगत होत्या ते मांडीतून आणि तोलातून.

धोकेही स्पष्ट सांगायला हवेत. घोड्यावर बसल्यावर डोकं जमिनीपासून आठ फुटांच्या आसपास असतं. गुराख्याची टोपी फोटोत छान दिसते, पण डोकं वाचवत नाही. हनुवटीखाली पट्टा असलेलं, घोडेस्वारीसाठीचंच हेल्मेट हवं. बुटाला लहान टाच हवी, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकत नाही. हाडं ठिसूळ असतील, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, मणक्याचं दुखणं किंवा गर्भारपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. तबेल्यात वावरणाऱ्यानं धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी. त्याचे जंतू माती आणि लिदीत असतात.

वजनाचा हिशेबही आवश्यक आहे. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भार नसावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. राणीचं वजन ३७० किलोच्या आसपास, म्हणजे मर्यादा ७४. वेस्टर्न खोगीर एकटंच १५ किलोचं. उरले ५९. माझं वजन ५८. म्हणजे काठावर. दिवाळीनंतर मी आधी वजनकाट्यावर उभी राहिले, मग तबेल्यात गेले.

आणि आपलं कोकणातलं हवामान. घोडा आपल्यासारखाच घामानं थंड होतो. त्याच्या घामात लॅथेरिन नावाचं प्रथिन असतं, त्यामुळे फेस येतो आणि घाम दाट केसांतून पसरतो. पण दमट हवेत घाम वाळतच नाही, आणि घामाबरोबर क्षार भरपूर जातात. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत स्वारी सूर्य वर येण्याआधी, आणि नंतर सावली, पाणी, अंगावर पाण्याचा मारा.

शिकायचं असेल तर

शाळा निवडताना आधी घोडे पाहा, मग फी विचारा. अंग भरलेलं, पाठ स्वच्छ, खूर नीट, प्यायला पाणी समोर, हे पुरेसं बोलतं. पहिले काही धडे जमिनीवरचे असावेत : घोडा हातात धरून चालवणं, थांबवणं, मागे सरकवणं. जमिनीवर जे कळत नाही ते पाठीवरून कळणार नाही.

खूण देताना चढता क्रम ठेवा. आधी बैठक आणि श्वास, मग पोटरी, मग हलका टकोरा. प्रत्येक वेळी सगळ्यात हलक्या खुणेपासून सुरुवात करा आणि उत्तर आल्याबरोबर थांबा. एका वेळी एकच गोष्ट मागा. शाबासकी द्यायची तर मानेवर थापट्या मारण्यापेक्षा आयाळ संपते तिथं, मानेच्या मुळाशी खाजवा. घोडे एकमेकांना तिथंच खाजवतात, आणि त्या जागी खाजवल्यानं हृदयाचे ठोके मंदावतात, हे फ्रान्समधल्या १९९३ च्या अभ्यासात दिसलं आहे.

राणीची पाठ पूर्ण भरल्यावर मी पुन्हा बसले ती पावसाळ्याच्या तोंडावर. नमदा या वेळी तीनदा हात फिरवून पाहिला. किनाऱ्याकडच्या वाटेवर ताडपत्री फडफडली आणि राणी थांबली. मी लगाम सैलच ठेवला आणि श्वास सोडला. ती बघत राहिली. मीही थांबले. मग तिनं मान खाली घेतली आणि मी पोटऱ्या टेकवल्या. एक पाऊल. पोटऱ्या सोडल्या. आणखी एक. ताडपत्री मागे पडली.

मला अजून अर्धा तास फिरायचं होतं. मामा म्हणाले, "आता उतरा, ताई. तिनं आज चांगलं उत्तर दिलंय. तिथंच धडा संपवायचा."

मी उतरले आणि तंग सैल केला.